पडद्याकडे पाठ

केजच्या माहितीपट महोत्सवात एकही फिल्म न पाहिलेला एकच माणूस होता, आणि महोत्सव तोच भरवायचा.

दिवे गेले की अप्पा पडद्याखाली एक लाकडी स्टूल टाकायचे आणि पडद्याकडे पाठ करून बसायचे. समोर लग्नाच्या शूटिंगचा त्यांचा जुना कॅमेरा. मागे कुणाची तरी सहा महिन्यांच्या मेहनतीची फिल्म चाललेली, आणि अप्पा मात्र ती बघणाऱ्यांची तोंडं टिपताहेत. पडद्यावरचा उजेड लोकांच्या तोंडावर पडायचा, तेवढ्यावर त्यांचं भागायचं. पुण्याहून आलेल्या एका फिल्मवाल्याने एकदा विचारलं, की तुम्ही आमचं काम बघत का नाही. अप्पा म्हणाले, "फिल्म कुटं पळून चालली? ती उद्या बी बघता येती. ही माणसं उद्या अशी बसणार हायत का?"

तो हसला. आम्हीही हसलो. अप्पांच्या बहुतेक बोलण्यावर आम्ही तेव्हा हसायचो.

महोत्सव पितृपंधरवड्यात असायचा. त्या पंधरा दिवसांत लग्नाची तारीख नसते, म्हणून मंगल कार्यालय ओस पडलेलं असतं, हे एक कारण. दुसरं कारण अप्पांना जास्त महत्त्वाचं होतं. दसरा-दिवाळीनंतर आमच्याकडची निम्मी माणसं उसाला जातात. पहिल्या वर्षी महोत्सव थंडीत भरवला होता. शिरूर कासारच्या ऊसतोड्यांवरची एक फिल्म होती, चांगली होती म्हणतात, आणि ज्यांच्यावर होती ती सगळी माणसं चारशे किलोमीटरवर कोयता चालवत होती. अप्पांनी ती फिल्म अर्ध्यात बंद केली आणि महोत्सवही तिथंच गुंडाळला. पुढच्या वर्षीपासून पितृपंधरवडा ठरला. लोकांनी नाकं मुरडली, असल्या दिवसांत कुणी करमणूक करतं का म्हणाले. अप्पा म्हणाले, "पित्रं जेवायला येतेत ना? मंग पिक्चर बघाय बी येतील. खुर्च्या लई हायेत."

तेव्हापासून महोत्सवाचा एकच नियम. ज्याचं दाखवलं, त्याला आधी दाखवायचं. फिल्म ज्याच्यावर आहे त्याने ती घरी, निवांत, एकट्याने बघायची आणि मगच ती कार्यालयात लागायची. त्या दिवशी तो माणूस पहिल्या रांगेत बसायचा. पाहुणे, पुढारी, पत्रकार सगळे मागे. एका पुढाऱ्याला ते खपलं नाही. त्यांना उद्घाटनाचं भाषण करायचं होतं. अप्पांनी नाही म्हटलं नाही, फक्त म्हणाले की भाषण शेवटच्या फिल्मनंतर आहे, तोवर बसा. एकूण अकरा फिल्म होत्या. साहेब तिसऱ्या फिल्मला उठले, आणि ते कितव्या मिनिटाला उठले हे अप्पांनी वहीत लिहून ठेवलं.

त्या वहीची आम्हा फिल्म करणाऱ्यांना धास्ती असायची. संपलेल्या फिल्मच्या दिग्दर्शकाला अप्पा बाजूला घेऊन बसायचे आणि वहीतून वाचून दाखवायचे. तुझी फिल्म मी बघितली न्हाई, पण सहाव्या मिनिटाला तिसरी रांग खिडकीकडे बघायला लागली, तिथं काहीतरी सैल आहे. नवव्याला दोन बायकांनी एकदम पदर तोंडाला लावला, ते जे काय असेल ते कापू नको. न बघता सांगितलेलं हे सगळं इतकं नेमकं असायचं, की पुण्यात दोन वर्षं फी भरून शिकलेली मी मनातल्या मनात चडफडायची.

अप्पांचं घर लिंगायत, बाजारात तीन पिढ्यांचं भांड्यांचं दुकान. भाऊ खाली गल्ल्यावर बसायचे, अप्पा वर माडीवर स्टुडिओ थाटून. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पांढरा सदरा, खिशात नेहमी खडीसाखर. महोत्सवात भाग घेणाऱ्या प्रत्येकाला दुकानातला एक स्टीलचा तांब्या मिळायचा, वर मशीनने फिल्मचं नाव कोरलेलं आणि खाली, सवयीने, 'सप्रेम भेट'. लग्नाच्या शूटिंगमध्ये त्यांनी नाव कमावलं की घालवलं, ते कुणाला विचाराल त्यावर आहे. नवरा-नवरीवर ते मोजून चार शॉट खर्च करायचे. बाकी दीड तास आचारी, बँडवाले, रुसून खांबाला टेकलेली आत्या, पंगतीत पत्रावळीपुढेच झोपलेलं पोर. एक वधूपिता जिना चढून भांडायला आले, की माझ्या पोरीच्या लग्नात माझी पोरगी कुठाय. अप्पांनी कॅसेट लावली, थांबवली आणि बोट ठेवलं, की ती बघा मागं, पाणी पितेय. त्या गृहस्थांनी धाकटीच्या लग्नाला बीडहून दुसरा शूटिंगवाला आणला. जित्याची खोड, अप्पांना त्याचं काही वाटलं नाही.

आता माझं सांगितलं पाहिजे. ते टाळून अप्पांचं सांगता येत नाही.

माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, केजच्या बसस्टँडवर कंट्रोलर होते. जाळीच्या खिडकीआड बसून माइकवर गाड्या पुकारायचे. केजमध्ये त्यांना तोंडाने ओळखणारे थोडे, आणि आवाजाने न ओळखणारा कुणी नाही. ठरलेलं वाक्य ते एकदा म्हणायचे आणि मग आपल्या पदरचं जोडायचे. "शिरूर कासार गाडी फलाट दोनला लागलेली हाय. नेकनूर, मांजरसुंबा, बीड, शिरूर. दमानं चढा, गाडी मोकळी हाय. पिवळ्या पिशवीच्या मावशी, ही गाडी तुमची न्हाई. बसून ऱ्हावा. तुमची आली की मी सांगतो." आणि ते खरंच सांगायचे. बायाबापड्या स्टँडवर बिनघोर डुलकी काढायच्या, कारण खिडकीत दादा आहेत. कपिलधारच्या यात्रेला ज्यादा गाड्या सुटल्या की संध्याकाळी त्यांचा घसा पार बसलेला असायचा.

घरी मात्र दादा बोलत नसत. सगळा आवाज स्टँडवर खर्चून यायचे. भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा मानेने सांगायचे. आई म्हणायची, यांच्याशी बोलायचं तर पिशवी घेऊन स्टँडवर जाऊन बसावं लागतं.

पुण्याहून परत आल्यावर मी त्यांच्यावर चौदा मिनिटांची फिल्म केली. नाव 'फलाट'. कॅमेरा मैत्रिणीचा, त्यातलं कार्ड अप्पांचं. आठ दिवस मी स्टँडवर पडून होते. शूटिंग छान झालं. मग मी ती जोडायला बसले आणि मला दादांच्या आवाजाची लाज वाटली. खरं तेच आहे. ते 'हाय' आणि 'न्हाई', ती पिवळी पिशवी, मागे हॉर्न आणि भेळवाल्याची घंटा. हे पुण्याच्या लोकांना कसं दाखवायचं, असं मला वाटलं. मी दादांचा आवाज काढून टाकला आणि त्यावर माझ्या आवाजात निवेदन चढवलं. "ग्रामीण महाराष्ट्राच्या जीवनवाहिनीचा हा अनाम पहारेकरी" हे त्यातलं पहिलं वाक्य. बाकीची याहून वाईट आहेत.

दादांना दाखवली का, असं अप्पांनी विचारलं. मी हो म्हणाले. दाखवली नव्हती. दाखवायचं धाडस नव्हतं असंही नाही. दाखवून काय होणार, ते कुठं काही बोलणार आहेत, असं मी स्वतःला सांगितलं. चोराच्या मनात चांदणं, म्हणून अप्पांच्या डोळ्यांत मात्र मी बघितलं नाही.

त्या दुपारी दादा इस्त्रीचा खाकी गणवेश घालून पहिल्या रांगेत बसले. शेजारी त्यांचा दोस्त, स्टँडवरचा म्हातारा हमाल. मी सगळ्यात मागे, प्रोजेक्टरपाशी उभी. पडद्यावर दादांचं तोंड हललं आणि हॉलभर माझा आवाज घुमला. माझ्या पुढच्या रांगेतल्या एकाने शेजाऱ्याला विचारलं, हे कोन हायत? ज्या माणसाला अख्खं केज ओळखत होतं, त्याला मी अनोळखी करून ठेवलं होतं. मला मागून दादांचं फक्त डोकं दिसत होतं. ते हमालाकडे झुकलेलं होतं आणि दोघं शेवटपर्यंत कुजबुजत होते. मला वाटलं, त्यांना कंटाळा आला. मग वाटलं, दुखावले. दिवे लागले तसे दादा उठले आणि कुणाशीही न बोलता ड्यूटीवर निघून गेले. रात्री घरी काही बोलले नाहीत, पण ते कधीच बोलायचे नाहीत, त्यामुळे त्यावरून काही कळायला मार्ग नव्हता. मीही विचारलं नाही. माझा तांब्या मात्र दुसऱ्या दिवशी घरात नव्हता. दादा तो स्टँडवर घेऊन गेले होते. नजरेसमोर नको म्हणून नेला असेल, असा अर्थ मी लावला.

अप्पांनी मला त्याच दिवशी गाठलं. वही उघडलीच नाही. म्हणाले, "तुज्या बापानं ही आज पहिल्यांदा बघितली. पहिल्यांदा बघनाऱ्याचं तोंड येगळं असतं. मी काय तितं गवत उपटत बसतो का?"

पुढच्या वर्षीच्या पत्रकात माझं नाव छापून आलं. 'खुर्च्या मांडणे' या सदरात, एकटीचंच. मला भयंकर राग आला. मी पुण्याला नोकरी धरली आणि त्यानंतर कितीतरी पितृपंधरवडे केजकडे फिरकले नाही.

दादा गेले ते ड्यूटीवरच, निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष उरलेलं असताना. तेराव्यानंतर मी पुण्याची गाडी धरायला स्टँडवर गेले, तर खिडकीतून रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज येत होता. इतका स्वच्छ, इतका शुद्ध, की मला तो माझाच वाटला. गाडी आली, भरली, गेली. मी बाकावर बसून राहिले. दादांचा आवाज आमच्याकडे कुठंच नव्हता. त्यांचा फोन बटणांचा. माझ्या भावाच्या मोबाइलमध्ये वाढदिवसाचे व्हिडिओ होते, त्यात दादा केकमागे गप्प उभे. त्यांचा आवाज जिथं होता तिथून मीच तो पुसला होता.

मी भांड्यांच्या दुकानाचा जिना चढले. अप्पांनी मला बघून खडीसाखर पुढे केली, मधे काही वर्षं गेलीच नाहीत अशी. मी विचारलं, माझ्याकडे नुसती तयार फिल्म उरलीय, ते मूळ शूटिंग, ते कार्ड अजून आहे का? कार्ड त्यांनी स्वतःच पुसलं होतं, म्हणाले. तुझ्या फिल्मनंतर आठ दिवसांनी एक साखरपुडा होता. ना चुकचुकले, ना माफी मागितली. मी उठायला लागले तर हाताने बस म्हणाले, आणि इकडचं तिकडचं सांगावं तसं सांगायला लागले. त्यांच्याशी भांडलेले ते वधूपिता आठवतात का? परवा परत आले होते. बायको वारली. घरच्या सगळ्या फोटोंत ती ताठ उभी आहे, हसताना कुठंच नाही. अप्पांच्या कॅसेटमध्ये ती पंगतीत वाढताना खळखळून हसलेली सापडली. म्हातारा पोरीचं लग्न सोडून दिवसभर तेवढंच बघत बसला.

बोलता बोलता ते फळीवर शोधत होते. महोत्सवाच्या प्रत्येक वर्षाचं चित्रण त्यांनी दुकानातल्या स्टीलच्या डब्यांत ठेवलं होतं, पिठामिठाला असतात तसल्या, वर चिठ्ठी चिकटवलेली. एक डबा काढला, आतलं चित्रण कॉम्प्युटरवर लावून दिलं, आणि आपली खुर्ची फिरवून, पडद्याकडे पाठ करून, माझ्याकडे तोंड करून बसले. यावेळी कॅमेरा नव्हता.

अंधुक उजेडात पहिली रांग. दादा. लांबून, भिंतीवर आपटून येणारा माझा आवाज, पहारेकरी वगैरे. आणि त्याच्या अलीकडे, अगदी जवळ, कारण कॅमेरा त्यांच्या पायांपाशीच होता, दादांचा आवाज. ते हमालाला सांगत होते. "हितं मी धारूर पुकारलं व्हतं. आता बघा, आता शिरूर." आणि पडद्यावरच्या स्वतःच्या ओठांबरोबर, हलक्या आवाजात, ते पुकारत होते. नेकनूर, मांजरसुंबा, बीड, शिरूर. एक गाव गाळलं नाही. पिवळी पिशवीसुद्धा आली. मी काढून टाकलेलं सगळं ते तिथं बसून परत भरत होते, आणि त्यांचं तोंड दुखावलेल्या माणसाचं नव्हतं. ते मजेत होते. लहान पोराला आपलं पाठ असलेलं कुणी विचारावं, तसे.

मधेच हमालाने विचारलं, "मंग तुमचा आवाज कावून काढला पोरीनं?"

दादा म्हणाले, "तिचा चांगला हाय. ऐका गप."

आणि अर्ध्या मिनिटात त्यांना स्वतःलाच राहवलं नाही, परत पुकारायला लागले.

मी किती वेळ रडले ते अप्पांनी वहीत लिहिलं नसावं. त्यांनी समजूत घातली नाही, पाणीही दिलं नाही. बघत राहिले. मग म्हणाले की आता हा आवाज घे आणि फिल्मवर लाव. मी म्हणाले, लावता येणार नाही, त्यात माझा आवाज मिसळलेला आहे, तो वेगळा निघणार नाही. अप्पा म्हणाले, "कशाला काढती? ऱ्हाऊ दे की. बाप अन् लेक एका टायमाला बोलल्याचं दुसरं काय हाय तुज्याकडं?"

काहीच नव्हतं. तरी मी ते काम तीन वर्षं पुढे ढकललं. अप्पा फोन करून फक्त विचारायचे, झालं का? मी म्हणायची, करते. मग एकदा वैशाखात फोन आला तो त्यांच्या भावाचा होता.

चौकात श्रद्धांजलीचा फलक लावायचा तर अप्पांचा फोटो सापडेना. एवढ्या डब्यांमध्ये सगळं केज होतं, अप्पा नव्हते. शेवटी आधारकार्डावरचा मोठा करून लावला, आणि आधारकार्डावर दिसतो तसाच तो दिसत होता. मी माझ्या मोबाइलमधले महोत्सवाचे जुने फोटो काढून बघितले. आम्ही सगळ्यांनी पडद्याचेच फोटो काढले होते. प्रत्येक फोटोत खालच्या कडेला एक काळं डोकं आहे. आम्हाला तेव्हा ते मधे येतंय असं वाटायचं. अप्पांचं तोंड बघायचं असेल तर ते त्या तीनशे लोकांनाच माहीत, ज्यांच्याकडे ते बघत होते. त्यात मीही होते, आणि मी पडद्याकडे बघत होते.

यंदा मी फिल्म पुरी केली. नियमाप्रमाणे ज्याचं आहे त्याला आधी दाखवायची, पण दादांना कशी दाखवणार? मग आईला दाखवली. तिने तीनदा लावायला सांगितली. तिसऱ्यांदा ती समोर बसलीच नाही, भाकरी थापत पाठमोरी ऐकत राहिली. दुपारी स्टँडवर जाऊन हमालकाकांना दाखवली. ते खिडकीतल्या नव्या कंट्रोलरला सांगून आतून तांब्या घेऊन आले. 'फलाट', सप्रेम भेट. दादा रोज त्यातूनच पाणी प्यायचे आणि जो येईल त्याला कोरलेलं नाव वाचायला लावायचे, असं म्हणाले.

पितृपंधरवडा, तेच मंगल कार्यालय. अप्पांच्या भावांनी स्टूल आणून पडद्याखाली ठेवलं होतं आणि त्यावर कुणी बसायला तयार नव्हतं. मी बसले. कॅमेरा लावला. दिवे गेले.

पडद्याकडे पाठ करून बसल्यावर पहिल्यांदा कळतं, ते हे की माणसं किती वेळ तोंड उघडं ठेवून बसतात. माझं निवेदन सुरू झालं तेव्हा तिसरी रांग खिडकीकडे बघत होती, बरोबरच होतं. मग निवेदनाच्या अलीकडून, जवळून, दादा आले. "शिरूर कासार गाडी फलाट दोनला लागलेली हाय." खिडकीकडची तोंडं एकदम वळली. कुणी शेजाऱ्याचा हात धरला. नेकनूर, मांजरसुंबा, बीड, शिरूर. चौथ्या रांगेत एक म्हातारी मांडीवर पिशवी घेऊन पेंगत होती. ती खडबडून जागी झाली, पिशवी मनगटाला अडकवली, पदर सावरला आणि उठून उभी राहिली. अंधारात दार कुठं आहे ते शोधायला लागली.

शेजारची तिला धरून बसवणार, तेवढ्यात दादा म्हणाले, की मावशी, ही गाडी तुमची न्हाई. बसून ऱ्हावा. तुमची आली की मी सांगतो.

म्हातारी बसली. मी कॅमेरा चालूच ठेवला.